दुसऱ्या दिवशी पेटलेला भोपळा

जेवण आवडलं तर लोक आचाऱ्याला हुडकत मागच्या दारी येतात. मला हुडकत फक्त पोरं यायची, कलिंगडाच्या हंसाची मान मागायला. मी म्हणायचे, जेवणं होऊ द्या, मग न्या. तोवर हंसाची मान कुणीतरी मोठ्या माणसानंच मोडून खाल्लेली असायची.

मी सुनंदा. कसबा बावड्यात राहते. कोल्हापूर आणि आसपासच्या मंगल कार्यालयांत भाज्या-फळं कोरून सजवायचं काम मी हात चालला तोवर केलं. या धंद्याला धड नाव नाही. आचारी मला ‘सॅलडवाल्या बाई’ म्हणायचे, मांडववाले ‘अक्का’ म्हणायचे आणि घरचे म्हणायचे, ‘भोपळ्याला नाक काढून कुणाचं पोट भरतंय?’ माझंच भरलं. दोन लेकरांचंही भरलं. पण या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगितल्यावर बसले, तर आठवायच्या आधी दमायलाच झालं. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून माझी बोटं अजून सकाळी वळत नाहीत.

काम सांगायला सोपं आहे. लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं घासून केलेली एक बारकी सुरी, गर खरवडायला धार लावलेला चमचा आणि एक मोठा टब. टबात बर्फाचं पाणी. कोरलेली प्रत्येक वस्तू आधी त्यात जाते, कारण भाजी कोरली की ती सुकायला लागते. गाजराचं फूल पंख्याखाली ठेवा, चहा पिऊन येईपर्यंत त्याच्या पाकळ्या आत वळतात. पाण्यात टाकलं की परत फुलतं. म्हणजे माझी सगळी कला सुकण्याच्या थोडी पुढं पळण्यात होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुरगूडच्या एका पैलवानाला नातवाच्या बारशाला कुस्तीची जोड पाहिजे होती, तीही सुरणाची. मी म्हटलं, सुरण खाजतंय, भोपळ्याची करते. ते म्हणाले, “भोपळ्याचा पैलवान कुनी बघितलाय काय? सुरान म्हंजे कसं, अंगात रग हाय त्याच्या.” केली. हाताला चिंच चोळून चोळून केली. पैलवान झकास झाले, मी मात्र आठवडाभर भांड्यांना हात लावू शकले नाही. आणखी एकानं गावच्या पुढाऱ्याचा चेहरा कलिंगडात कोरून घेतला. उन्हाळ्याचे दिवस. साहेब यायला दुपार झाली, तोवर कलिंगडातल्या साहेबांचा जबडा सुटला होता. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “बायको म्हनतीया माजं त्वांड मिटत न्हाय, तसंच झालंय.” सगळे हसले म्हणून मी वाचले.

कंदील नंतर आले, मोबाइलमधून. कुठल्या कुठल्या देशातले भोपळे, आत दिवा, बाहेर नक्षी. माझ्याकडं ती चित्रं घेऊन पहिल्यांदा आला बसूअण्णा.

बसूअण्णा मांडव सजवणारा. घर कागलच्या पुढं, घरात कन्नड बोलणार, बाहेर आमच्यासारखंच. किती वर्षं आम्ही एकाच कार्यालयाच्या मागच्या अंगणात काम केलं असेल. तो झेंडूच्या माळा ओवणार, मी पलीकडं काकड्या सोलणार. फार बोलणारा माणूस नव्हे. पण एखादी गोष्ट सुंदर दिसली की लहान पोरासारखा व्हायचा.

“अक्का, ह्ये बघा. लाल भोपळा. आतनं पोकळ करायचा, साल पातळ ठेवायची, जाळी पाडायची. पनती आत. अंधार पडला की बघा मजा.”

मी केला. खरंच मजा आली. लाल भोपळ्याची भिंत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी पातळ केली की उजेड नुसता भोकांतून येत नाही, गरातूनही पाझरतो. सगळा भोपळा आतून निखाऱ्यासारखा दिसतो. त्या हंगामात आम्ही बरेच कंदील केले. भोपळ्याचे, दुधीचे, एकदा नवलकोलाचे बारके बारके. कधी काही झालं नाही. एक संध्याकाळ लावायचे, दुसऱ्या दिवशी गायीम्हशींना घालायचे. भाजी पेटते, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पाण्यानं भरलेली वस्तू पेटेल कशी?

मग गिरिजाचं लग्न आलं.

गिरिजा कागलकडच्या एका व्यापारी घरातली एकुलती मुलगी. वडील नव्हते. दुकान आई चालवायची, सगळे तिला अव्वा म्हणत. लग्न दोन दिवसांचं होतं. आदल्या संध्याकाळी साखरपुडा आणि हळद, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षता. साखरपुड्यासाठी आम्ही वधूच्या खोलीपासून स्टेजपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बांबू उभे केले होते आणि त्यांना भोपळ्याचे कंदील टांगले होते. माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, वाटेवर झुकलेले. अव्वा त्या वाटेवर उभी राहिली आणि कितीतरी वेळ तशीच उभी होती.

“लई झाक केलंय गं,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सॅलडच्या कामाला आले. भोपळे उतरवून गायीला घालायचे, तर अव्वा स्वतः आली.

“अक्का, त्ये काढू नका. आज मुहूर्ताला परत लावूया की. पोरीला बी आवडल्यात.”

दिवसभर कार्यालयात मोठे कूलर आणि पंखे चालू होते. उन्हाळा. भोपळ्यांच्या कडा थोड्या वळल्या होत्या, एवढंच. ते आता जास्तच नाजूक दिसत होते. बसूअण्णानं प्रत्येकाची पणती पुसली, नवीन वात घातली, तेल भरलं, झाकणं बसवली. दिवे लागायची वेळ झाली तशी त्याच्या माणसांनी सगळे लावले. मला आठवतं, मीही मान वर करून म्हटलं होतं, कालच्यापेक्षा बरे दिसतात.

सॅलडचं टेबल त्या दिवशी वाटेच्या कडेला लावलं होतं, कारण आतल्या बाजूला आइस्क्रीमवाल्यानं जागा धरली होती. माझा टब माझ्या पायाशी होता. त्यात बिटाची कमळं होती. बीट पाण्यात राहिलं की पाणी लालभडक होतं, म्हणून बाकीचं काढून झालं की ते मी शेवटी टाकते.

गिरिजा खोलीतून निघाली. हिरवा शालू, त्यावर डोक्यापासून पाठीवर सोडलेली जाळीची ओढणी. वाजंत्री सुरू. मी हातातली काकडी ठेवली आणि बघत राहिले. ती माझ्यासमोर आली तेव्हा तिच्या पलीकडच्या बांबूवरच्या कंदिलातून धूर आला. काळा, तेलाचा. मला वाटलं वात मोठी झाली असेल. तेवढ्यात झाकणाच्या कडेनं ज्वाळा वर आली, दोरी जळाली आणि अख्खा भोपळा पेटत्या तेलासकट खाली सुटला. तो तिच्या पाठीवरून घसरत गेला. ओढणी एका श्वासात पेटली.

कुणी ओरडलं की नाही, मला आठवत नाही. मी टब उचलला. बर्फासकट भरलेला तो टब मला एरवी दोघींशिवाय हलत नाही. तो मी उचलला आणि तिच्या डोक्यावरून ओतला. पाणी, बर्फ, बिटाची कमळं, सगळं. तरी ओढणीचं एक टोक खाली पेटतच होतं आणि पातळ जाळी वितळून शालूला चिकटत होती. ते मी डाव्या हातानं धरलं आणि ओढून काढलं. तेव्हा हाताला काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

बसूअण्णानं पायानं भोपळा दूर उडवला आणि सतरंजी टाकून विझवला. मग बाकीचे कंदील एकेक करून फुंकत सुटला. फुंकताना रडत होता.

वाजंत्री थांबली होती. गिरिजा उभी होती. केसातून, कपाळावरून, गळ्यावरून लाल पाणी ओघळत होतं आणि खांद्यावर बिटाचं एक कमळ अडकलं होतं. पाठीवर थोडं भाजलं होतं, मानेखाली एक पट्टा. बाकी ती धड होती.

पहिला आवाज आला तो नवऱ्या मुलाच्या आत्याचा. धिप्पाड बाई, आवाज पार रस्त्यापर्यंत जाणारा.

“अगं बया! नवरीच्या अंगावर रगात वतल्यागत वतलं की! अपशकुन झाला ह्यो! कोन हाय ही बाई? कुनाची हाय?”

‘कुणाची’ हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्याकडं आडनाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, आणि लग्नाच्या स्वयंपाकघरात तो प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.  माझा हात आता पेटल्यासारखा दुखत होता आणि तो कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं. टब तर रिकामा.

“थांबवा सगळं,” आत्या म्हणाल्या. “आज अक्षता न्हाय. मुहूर्त बघू दुसरा.”

अव्वा मुलीला धरून उभी होती.  एकटीनं दुकान चालवणारी, चारचौघांशी भांडून हिशेब वसूल करणारी बाई, पण मुलाकडच्यांसमोर तिची मान खाली गेली होती. लग्न मोडलं तर त्या घरात काय होईल हे तिथं उभ्या प्रत्येकाला दिसत होतं.

तेव्हा गिरिजा बोलली. थंडीनं तिचे दात वाजत होते.

“आत्या, मी जळलो असतो तर शकुन झाला असता व्हय?”

तिनं माझ्याकडं बोट केलं.

“ह्या अक्कानं पानी वतलं म्हनून मी हितं हुबी हाय. लाल असंल न्हायतर काळं असंल.” मग तिनं स्टेजकडं बघितलं. “तुमास्नी थांबायचं असंल तर थांबा. मी काय कापडं बदलायला जात न्हाय. मुहूर्त जाईल.”

नवरा मुलगा स्टेजवरून खाली आला.  त्यानं आपलं उपरणं काढलं, तिच्या पाठीवरचं भाजलेलं सांभाळून ते तिच्या खांद्यावर टाकलं आणि तिच्याबरोबर चालायला लागला. विधी करायला आलेले स्वामी म्हातारे होते. त्यांनी एवढंच म्हटलं, “येळ हाय अजून. या, हुबं ऱ्हावा.”

अक्षता पडल्या. मी बघितल्या. तिच्या ओल्या साडीला तांदूळ चिकटत होते, खाली पडतच नव्हते. आत्या पहिल्या रांगेत हात बांधून उभ्या होत्या. त्यांनी टाकल्या की नाही, ते मला दिसलं नाही.

माझ्या हाताला कुणीतरी टूथपेस्ट लावली, मग कुणीतरी ती पुसली, मग बसूअण्णानं मला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तळवा आणि दोन बोटं. भरून यायला पावसाळा गेला. कातडी आली ती आखडून आली. सुरी मी उजव्या हातानं धरते, पण भाजी फिरवतो तो डावाच हात. ती फिरवता येईना तसं काम कमी होत गेलं आणि मग थांबलं. याचा दोष मी कुणाला देत नाही. मनगटं तशीही जायला आली होती.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी बसूअण्णा सकाळीच घरी आला. डोळे आत गेलेले.

“अक्का, मला जेवान जात न्हाय. मला एवडंच कळू दे. भोपळा पेटतोयच कसा? चला, बघूया.”

त्याच्या गोडाऊनच्या मागं मोकळी जागा होती. तिथं आम्ही दोघांनी अख्खा दिवस भाज्या पेटवल्या. माझा हात बांधलेला, म्हणून कोरायचं काम त्यानं केलं, वेडंवाकडं. जाणारे-येणारे थांबून बघत होते. एकजण म्हणाला, “पावनं, वांगं भाजायला एवडी आग?” बसूअण्णानं वर बघितलंही नाही.

ताजा भोपळा पेटेना. पणती आत ठेवली की तो नुसता घाम गाळायचा, सूं सूं करायचा. ज्योतीची सगळी ऊब त्याच्यातलं पाणी उकळण्यात जात होती, आणि पाणी आहे तोवर गर पेटण्याइतका तापतच नाही. मग आम्ही लग्नातला उरलेला, कूलरचा वारा खाऊन तेव्हापासून तसाच राहिलेला भोपळा घेतला. त्याची कडा बोटात घेतली तर पापडासारखी मोडली. आम्हीच ती उजेडासाठी पातळ केली होती, आणि पातळ ते आधी सुकतं. आत चमच्यातून सुटलेले चार तंतू वाळून कापसासारखे झाले होते. ते काडी लावताच गेले.

पण खरं काम तेलाचं होतं. ओला गर तेल आत घेत नाही, वरच ठेवतो. सुकलेला गर पितो. पहिल्या संध्याकाळी पणत्यांतून सांडलेलं तेल दिवसभरात त्या वाळत्या गरानं पिऊन घेतलं होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी आम्ही भोपळ्यात वात लावली नव्हती, भोपळाच वात झाला होता. त्यात वर झाकण. ऊब वर जाते, आणि झाकणाच्या पोटाशी आदल्या दिवशीचा करपलेला काळा डाग असतो. एकदा कोळसा झालेली जागा दुसऱ्यांदा लगेच धरते. बसूअण्णानं त्या डागावर नुसती काडी धरली तर तो लाल होऊन आतल्या आत सरकत गेला.

आम्ही बाकीचंही बघितलं. वाळलेला दुधी म्हणजे लाकूडच, हलकं आणि पोकळ, भणाणून पेटला. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तर हातातून टाकावी लागली. कांद्याचा वरचा पापुद्रा कागदासारखा जळाला, आतला ओला कांदा तसाच. बीट काही केल्या पेटलं नाही. काळं पडलं आणि गोड वास सुटला.

संध्याकाळी सगळीकडं राख आणि अर्धेकच्चे तुकडे पसरले होते. बसूअण्णा त्यात बसून म्हणाला, “म्हंजे काल ज्ये चांगलं हुतं, त्येच आज वाईट झालं. कुनाला कळनार हुतं?”

“कुणालाच नव्हतं,” मी म्हटलं.

“मग मला बरं का वाटंना?”

मी राहिलेल्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं.  त्यानं सजावटीचं काम पुढं चालू ठेवलं, पण लग्नात पेटता दिवा पुन्हा कधी लावला नाही. बॅटरीवरचे लावतो. मलाही विचारणारे येत राहिले, कारण त्या लग्नाचं चित्रण फोनवर फिरत होतं. लोक म्हणायचे, “त्यात हायत ना तसलं कंदील पायजेत, फकस्त पेटायचं नकोत.” आमच्या बावड्यातल्या नव्या सोसायटीतल्या बायकांना तर भुताच्या तोंडाचे भोपळे हवे होते, मुलांच्या पार्टीला. मी त्यांना सांगितलं, ताजा घ्या, तंतू खरवडा, झाकण लावू नका, तेल-मेणबत्ती नको, दुसऱ्या दिवशी ठेवू नका. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी बाजारातून प्लॅस्टिकचा आणला. बरं झालं. सांगून सांगूनही मी दमले होते.

गिरिजाची काही खबर नव्हती. तिनं कळवावं असं काही नव्हतंच. मी दोन दिवस त्यांच्याकडं कामाला गेले होते, एवढंच.

एकदा दुपारी मी दारात शेंगा निवडत बसले होते. रिक्षा थांबली आणि त्यातून त्या आत्या उतरल्या. तोच आवाज. आमच्या गल्लीत सगळ्यांनी दारं उघडून बघितलं.

“हितंच ऱ्हातीस व्हय? लई हुडकलं. घर सांगाय कुनाला येत न्हाय तुमच्या हितं.”

मी उठले. आत बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची तसबीर. आत्यांनी दोन्हीकडं बघितलं, कॉटवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. मी पाणी दिलं. क्षणभर तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो सगळा पिऊन टाकला आणि म्हणाल्या, “च्या टाक की. उन्हातनं आलोय.”

चहा झाला. त्या बशीत ओतून प्यायल्या. माझ्या हाताकडं बघितलं.

“वळत न्हाय?”

“एवढाच वळतो.”

“हं.”  बाहेर शेजारीण उगाच येरझाऱ्या घालत होती. “पोरगी झाली. गिरिजाला. येत्या ऐतवारी बारसं हाय. तिनं सांगितलंय, अक्काला आनल्याबिगार पाळन्यात घालनार न्हाय. हट्टी हाय लई. पैल्या दिवसापास्नं बघतोय मी.”

मला वाटलं काम आहे. म्हटलं, “आता मला कोरायला होत नाही. दुसरी एकजण आहे, सांगू का तिला?”

आत्या उठल्या. साडी झटकली.

“कोराय कोन सांगतंय तुला? जेवाय यायचं. आनी बसायचं माज्या शेजारी, मागं जायचं न्हाय सैपाकघरात.”

माफी वगैरे काही त्या बोलल्या नाहीत. ती त्यांची रीत नव्हे. रिक्षात बसताना मात्र त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून परत सांगितलं, “ऐतवारी! ईसरशील!”

मी गेले. पहिल्यांदाच रिकाम्या हातानं एखाद्या कार्यालयाच्या पुढच्या दारानं आत शिरले आणि आधी पाय मागच्या अंगणाकडंच वळले. अव्वानं दंड धरून पंगतीत आणलं. गिरिजानं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. मानेखालचा भाजल्याचा पट्टा गिरिजाला अजून होता, केसांनी झाकत नव्हती. आत्या शेजारी बसल्या आणि न विचारता माझ्या पानात वाढायला लावत राहिल्या.

समोरच्या टेबलावर कुणीतरी कलिंगडाचा मोर कोरला होता. पिसारा जाड ठेवलेला, कडा सुकून वळलेल्या, वर पाणी मारलेलं नाही. मी बघितलं. हात शिवशिवले. मग मान खाली घातली आणि गरम भातावर आमटी घेतली.